कोल्हापुरातला पिल्लांचा रविवारचा वर्ग: पैसे वसूल, पण पेठेत राहणाऱ्यांनी घरभेट आधी मागून घ्या

कुत्र्याच्या पिल्लाला शिकवायला पैसे भरून वर्ग लावायचा, तेही गावठी पिल्लाला, हे ऐकून आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी कपाळाला आठ्या घातल्या. म्हणून हा रिव्ह्यू सविस्तर लिहितेय. शहरात पिल्लू पाळणाऱ्यानं असला वर्ग लावावाच आणि पिल्लू घरात आल्या आल्या लावावा, असं माझं ठाम मत झालंय.

आधी व्यवहाराचं सांगते. रंकाळ्याच्या पलीकडे, फुलेवाडीच्या बाजूला एका हॉलमध्ये वर्ग भरतो. रविवारी सकाळी आठ वाजता, असे सहा रविवार. फी ४,५०० रुपये, त्यात एक घरभेट धरलेली. ८ ते १४ आठवड्यांच्या पिल्लांनाच या बॅचमध्ये घेतात, त्याहून मोठ्यांची बॅच वेगळी. शिकवणाऱ्या मॅडम एकट्याच आहेत, मदतीला एक मुलगा असतो. त्यांच्या बॅच भरलेल्याच असतात, त्यामुळं नाव-नंबर जाहीर टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय. ज्याला पाहिजे त्यानं आपल्या पिल्लाच्या डॉक्टरांकडे चौकशी करावी, मलाही तिथूनच कळलं.

माझं मंगळवार पेठेत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर घर. दिवसभर बायका मापं द्यायला येणार, बरोबर पोरं असणार, मशिनी सुरू, खाली दोरे, टाचण्या, हूक. अशा घरातलं कुत्रं माणसांना बुजणारं असून चालत नाही आणि अंगावर उड्या मारणारं तर नाहीच नाही. बुंदी आमच्याकडे आली ती गणपती विसर्जन झाल्यावर, जेमतेम दोन महिन्यांची. पुढं दिवाळीचे फटाके, त्याच्या मागोमाग उसाचा सीझन, म्हणजे गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर. वेळ थोडा होता.

वर्गाच्या आधी मी गावातल्या एका ट्रेनरला घरी बोलावलं होतं. त्यानं पिल्लाकडे बघून सांगितलं, सहा महिन्यांची होऊ दे, मग गळ्यात चोक चेन घालून चार दिवसांत सरळ करतो. ती चेन त्यानं पिशवीतून काढून दाखवली सुद्धा. ओढली की गळा आवळणारी लोखंडी साखळी ती. त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हे लिहायचं कारण एवढंच की कोल्हापुरात अजून बहुतेकांना ट्रेनिंग म्हणजे हेच ठाऊक आहे. मॅडमच्या वर्गात अशी साखळी कुणी घालून आलं, तर ती दारातच काढायला लावतात. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन पशुवैद्यांच्या संघटनेनं २०२१ साली स्पष्ट लिहून ठेवलंय की शिकवायचं ते बक्षीस देऊनच, दुखवून किंवा भीती घालून शिकवायची गरज कुठल्याही कुत्र्याला नाही. मॅडम त्याच पद्धतीनं शिकवतात.

आता लसीचं, कारण सगळ्यांचा पहिला प्रश्न हाच असतो. डॉक्टर सांगतात, डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर काढू नका. त्यांचंही बरोबर आहे, पार्व्हो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार, झाला तर पिल्लू हाताला लागत नाही. पहिला डोस ६ ते ८ आठवड्यांना, मग दर २ ते ४ आठवड्यांनी पुढचे, शेवटचा साधारण १६ व्या आठवड्याला. इतक्यांदा का टोचायचं, हे मला मॅडमनी समजावलं तेव्हा कळलं. आईच्या चिकातून पिल्लाला जी ताकद मिळते तीच लसीला काम करू देत नाही. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून मध्ये फट राहू नये यासाठी परत परत टोचतात.

पण दुसऱ्या बाजूला, जग ओळखायचं पिल्लाचं वय असतं ३ ते १२-१४ आठवडे. स्कॉट आणि फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत बार हार्बरच्या प्रयोगशाळेत पिल्लांच्या पिढ्या वाढवून हे दाखवून दिलं, त्याला आता साठेक वर्षं झाली. त्या काळात जे बघितलं, ऐकलं, हुंगलं ते पिल्लाला आपलं वाटतं, आणि जे राहून गेलं त्याची पुढं भीती बसू शकते. म्हणजे डोस संपेपर्यंत घरात कोंडून ठेवायचं, तर नेमका तोच काळ हातातून जातो. वर सांगितलेल्या संघटनेनं २००८ मध्येच यावर वाट काढून दिली आहे: पहिली लस होऊन किमान ७ दिवस झाले आणि जंताचं औषध दिलेलं असलं की ७-८ आठवड्यांचं पिल्लू स्वच्छ जागी, लस झालेल्या इतर पिल्लांबरोबर वर्गाला न्यावं.

मॅडम हे अक्षरशः पाळतात. दारात लसीचं कार्ड बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. पहिल्याच रविवारी एका माणसाचं कार्ड घरी राहिलं होतं, त्याला परत पाठवलं. तो नाराज झाला, पण बाकीच्या पिल्लांच्या जिवाचा प्रश्न आहे, मला ते पटलं. फरशी आदल्या रात्री ब्लीचच्या पाण्यानं पुसलेली असते, १ भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलचा त्याच्यावर भरवसा नाही. चपला बाहेर काढायच्या, पिल्लू रस्त्यावरून चालवत न आणता उचलून आत आणायचं.

आणि इथंच मला माझ्या धंद्याचा उपयोग झाला. डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर खाली ठेवायचं नाही, पण गाव तर दाखवायचं, म्हणून मॅडमनी कडेवर घेऊन फिरायला सांगितलं. बुंदी वळवळी, कडेवर ठरेना. मग मी मांजरपाटाची दुहेरी झोळी शिवली, खांद्यावरून तिरकी घालायची. तळाला कडक कॅनव्हास घातलं, म्हणजे पोटाखाली खोळ पडत नाही आणि पाय टेकायला आधार मिळतो. आत एक पट्टी शिवून तिला हूक लावला, तो तिच्या हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, अडकवायचा. उडी मारली तरी खाली पडायचा प्रश्न नाही. दुसऱ्या रविवारी मॅडमनी ती झोळी उलटसुलट करून बघितली आणि बॅचमधल्या आणखी दोघांसाठी शिवून मागितली.

झोळीत घालून बुंदीला मी काय काय दाखवलं! कपिलतीर्थ मंडई, बिंदू चौकातली वाहतूक, केएमटीची बस, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चाललेले आजोबा, शाळा सुटल्यावरचा पोरांचा गलका. पण या वर्गात मला सगळ्यात मोलाचं जे मिळालं ते गंगावेशीत, दूध कट्ट्यावर. घरभेटीच्या आधी मॅडमनी मला संध्याकाळी तिथं बोलावलं होतं. बाहेरगावच्यांसाठी सांगते, तिथं म्हशी आणून उभ्या करतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून फेसाळ दूध ग्लासात देतात. गर्दी, शेणाचा वास, म्हशींचं हंबरणं, गाड्यांचे हॉर्न, सगळं एका जागी.

मी झोळी घेऊन सरळ म्हशीजवळ गेले. बुंदीचे कान मागं चिकटले, तोंड बंद झालं, आणि नाकासमोर धरलेला चिकनचा तुकडा तिनं घेतला नाही. घरात हाच तुकडा ती बोटासकट ओढते. मॅडम म्हणाल्या, "काकी, खायना झाली म्हणजे लई जवळ आलाय. मागं सरका." पानपट्टीपर्यंत मागं आलो. तुकडा हुंगला, पण घेतला नाही. रस्ता ओलांडून पलीकडे उभे राहिलो, तेव्हा तिनं म्हशीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तुकडा तोंडात घेतला. मॅडम म्हणाल्या, "हं. इथनं सुरू करायचं." मग तिनं म्हशीकडे बघितलं की एक तुकडा, परत बघितलं की परत एक. हंबरली की लगेच तुकडा. थोड्या वेळानं तिचं अंग सैल पडलं, कान पुढं आले, नाक हवेत हलायला लागलं. तेव्हा आम्ही चार पावलं पुढं सरकलो. म्हशीला हात लावायचा, चाटायचं, काही नाही. तिथूनच घरी.

मला वाटायचं पिल्लू धीट करायचं म्हणजे सगळ्यांच्या हातात द्यायचं, सगळ्यांना कुरवाळू द्यायचं. मॅडमचं म्हणणं याच्या उलट. "तिला सगळ्यांशी मैत्री करायची नाही काकी. सगळं बघून गप बसता आलं पाहिजे." पिल्लू घाबरलंय हे ओळखायच्या खुणा त्यांनी पाठ करून घेतल्या. ओठ चाटणं, झोप आलेली नसताना जांभई, तोंड वळवणं, शेपूट पोटाखाली, एक पाय उचलून धरणं. गुरगुरणं यानंतर येतं, आणि गुरगुरल्यावर मारलं तर कुत्रं पुढच्या वेळी न गुरगुरता सरळ चावतं. हे प्रत्येक घरात माहिती असायला पाहिजे, विशेषतः जिथं लहान पोरं आहेत तिथं.

वर्गात पिल्लांना मोकळं सोडून खेळवतात, पण कोण कुणाबरोबर हे मॅडम ठरवतात. एक थोराड लॅब्राडोरचं पिल्लू बुंदीला सारखं खाली पाडत होतं. मला वाटलं आता भांडण सोडवतील. त्यांनी त्या लॅबला नुसतं हार्नेसला धरून ठेवलं आणि बुंदी काय करते ते बघायला सांगितलं. बुंदी उठली, अंग झाडलं, आणि परत त्याच्याकडे जाऊन पुढचे पाय जमिनीला टेकून, ढुंगण वर करून उभी राहिली. म्हणजे तिला खेळायचं होतं. तीच परीक्षा एका पॉमेरेनियनवर केली, तर ते मालकाच्या पायात जाऊन बसलं. त्याचा डाव तिथंच थांबवून त्याला शांत जोडीदार दिला. एवढी बारीक नजर असलेला माणूस पैसे घेतो तर घेऊ दे, असं मला वाटलं.

चावण्याचं प्रकरण आमच्याकडे जोरात होतं. पिल्लाचे २८ दुधाचे दात सुईसारखे, चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांत ४२ पक्के दात येतात. तोवर काही ना काही चावणारच. आमच्या घरातल्या कोल्हापुरी चपला, खरं कातडं, पहिल्यांदा त्यांच्यावर हल्ला झाला. उपाय साधे आहेत: चपला उंचावर, तिच्या हक्काची रबरी खेळणी जमिनीवर, तोंडातली वस्तू हिसकावायची नाही, त्याहून चांगलं काहीतरी देऊन बदलून घ्यायची. हिसकावलं की पिल्लू वस्तू घेऊन पळायला आणि गिळायला शिकतं. टेलरच्या घरात ही गोष्ट जिवावरची आहे. दोरा पोटात गेला तर आतडं त्याच्यावर चुणत जातं आणि ऑपरेशनशिवाय इलाज राहत नाही. त्यामुळं "सोड" हा शब्द आम्ही सगळ्यात आधी पक्का केला आणि कटिंग टेबलाच्या खाली जाळीचं दार बसवून घेतलं. हाताला दात लागला तर खेळ तिथंच थांबवायचा, मारायचं-ओरडायचं नाही. आणि रक्त आलं तर पिल्लू घरचं असलं तरी जखम १५ मिनिटं साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि दवाखाना गाठायचा, हे मॅडम पहिल्याच तासाला सांगतात. रेबीजची लस पिल्लाला ३ महिन्यांचं झाल्यावर मिळते, त्याआधी गाफील राहायचं नाही.

खाऊच्या बाबतीत त्या कडक आहेत. बिस्कीट बंद. उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता, हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे, आणि तेवढं रोजच्या जेवणातून वजा. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण कुत्र्याला विषारी. आता कोल्हापूरकरांना हे सांगणं अवघड आहे, कारण रविवारी मटण झालं की उरलेला रस्सा आणि हाडकं कुत्र्याला, ही आपली रीत. रश्श्यात कांदा-लसूण असतोच, आणि शिजलेलं हाड तडकून त्याच्या टोकदार काड्या होतात, त्या घशात, आतड्यात रुततात. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर त्याच आता पाहुण्यांना अडवतात.

दिवाळीची तयारी तिसऱ्या रविवारपासून सुरू होते. फटाक्यांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर अगदी बारीक आवाजात, सोबत खाऊ, आणि पिल्लानं कान टवकारून सोडून दिलं तरच पुढच्या खेपेला आवाज थोडा वाढवायचा. शेवटी हलगी, डॉल्बी आणि गाणी लावून जाणारा उसाचा ट्रॅक्टर, एवढं सगळं मॅडमच्या फोनमध्ये आहे. त्यांनी ते इथंच रेकॉर्ड केलंय, परदेशी व्हिडिओतून घेतलेलं नाही. आणि घाबरलेल्या पिल्लाला जवळ घेऊ नका, भीती वाढते, हे जे सगळे सांगतात ते खरं नाही, जवळ घ्या, धीर द्या, हेही त्यांनी ठासून सांगितलं. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही मधल्या खोलीत दारं-खिडक्या लावून दोन मशिनी चालू ठेवल्या. बुंदीला मशिनीचा आवाज घरचा. ती माझ्या पायाशी बसली, एकदा मोठ्या बॉम्बला उठली, खाऊ खाल्ला आणि परत बसली. पाडव्याला बावड्याकडे, सागरमाळावर सजवलेल्या म्हशी सायलेन्सर काढलेल्या गाड्यांमागं पळवतात, तिथं पिल्लू न्यायचा मोह अजिबात करू नका, असं त्यांनी बॅचला बजावलं होतं. एकानं तरी विचारलंच होतं.

आता जे आवडलं नाही ते. हॉलची फरशी गुळगुळीत आहे आणि रबरी मॅट निम्म्या भागातच. पिल्लं धावताना घसरतात, वाढत्या सांध्यांना ते बरं नाही. या फीमध्ये पूर्ण मॅट पाहिजे. शेवटच्या दोन रविवारी बॅचमध्ये मागची राहिलेली पिल्लं घुसवली होती, तेव्हा गोंधळ झाला आणि आमच्या वाट्याला मॅडम कमी आल्या. लिहिलेलं काही देत नाहीत, सगळं व्हॉट्सॅपवर आवाजी मेसेजमध्ये. दुकानात गिऱ्हाईक असताना ते ऐकायचं कसं? एक छापील पान दिलं तर घरातल्या सगळ्यांना वाचता येईल, भिंतीला लावता येईल.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. वर्गात शिकवतात ते ताराबाई पार्क, नागाळा पार्कातल्या कंपाउंडच्या बंगल्याला चपखल बसतं. पेठेत दार उघडलं की थेट गल्ली. गल्लीत पोरांचं क्रिकेट, आणि मोकळी कुत्री. कानाला खाच असलेली, नसबंदी झालेली दोन-तीन शांत आहेत, पण कोपऱ्यावरची टोळी नव्या कुत्र्याला घेरते. पट्ट्यातल्या पिल्लाला घेऊन अशा वेळी काय करायचं, याला सहा रविवारांत जेमतेम काही मिनिटं मिळाली.

घरभेटीत मात्र मॅडमनी त्याची भरपाई केली. त्या सकाळी लवकर आल्या, आमच्याबरोबर गल्ली चालल्या, कुठलं कुत्रं कुठं बसतं ते बघितलं. मूठभर खाऊ टोळीच्या पुढ्यात लांब फेकायचा आणि ती तो वेचेपर्यंत आपण पिल्लाला घेऊन दुसऱ्या बाजूनं निघायचं, पळायचं नाही, ही साधी युक्ती त्यांनी करून दाखवली. टोळीच्या झोपेची वेळ दुपारची, तेव्हाच पहिल्या फेऱ्या मारायला सांगितल्या. मग दुकानात बसून बुंदीची जागा ठरवली. जुन्या सतरंजीचा तुकडा माझ्या मशिनीच्या डाव्या हाताला टाकला. गिऱ्हाईक आत आलं की बुंदी त्या तुकड्यावर, तिथं खाऊ मिळणार, दारात नाही. येणाऱ्या बायकांनाही मॅडमनीच शिकवलं: आल्या आल्या तिच्याकडे बघू नका, चुचकारू नका, ती आपणहून आली तर हात खाली धरून हुंगू द्या. पोरांना एकच नियम, बुंदी सतरंजीवर असेल तर तिला हात लावायचा नाही. पोरं मोठ्यांपेक्षा चांगली पाळतात. शेजारची पाच वर्षांची मुलगी तर नवीन आलेल्या पोरांना दारातच थांबवून हा नियम सांगते.

म्हणून पेठेतल्यांना माझा सल्ला आहे की घरभेट कोर्सच्या शेवटी असते, ती पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात मागून घ्या. मॅडम आधी का-कू करतात, पण कारण सांगितलं की येतात. दुसरी घरभेट हवी असेल तर ८०० रुपये वेगळे पडतात. मी ती घेतली, पंजे, कान, दात हाताळू द्यायचं आणि जाळीच्या मुसक्यात आपणहून तोंड घालायचं शिकवण्यासाठी. डॉक्टरांकडे नखं कापताना त्याचा उपयोग लगेच दिसला.

पाचपैकी चार तारे देतेय. एक कापला तो मॅट आणि गर्दीसाठी. वर्गाला जाताना पिल्लाला सकाळचं जेवण अर्धंच घाला म्हणजे खाऊवर लक्ष राहतं, गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस घाला, लसीचं कार्ड आदल्या रात्रीच पिशवीत टाका, आणि घरातलं जे माणूस पिल्लाबरोबर दिवसभर असतं त्यालाच पाठवा. आमच्या बॅचला काही घरांतून दर आठवड्याला वेगळं माणूस यायचं, आणि त्यांच्या पिल्लांना प्रत्येक रविवारी पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.